विंडोजच्याच टूल्सचा गैरवापर लॉगमधून कसा पकडायचा? अलर्टचा नुसता पूर आलाय

नोंदवही (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सुमारे ३०० विंडोज मशीन, दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारे सर्व्हर) आणि लॉग गोळा करून अलर्ट द्यायला वाझू असा सेटअप आहे. हल्लेखोर बाहेरून काहीच न आणता पॉवरशेल (स्क्रिप्ट), सर्टयुटिल (सर्टिफिकेट), डब्ल्यूएमआयसी (मशीनचं व्यवस्थापन), नेटएसएच (नेटवर्क), एनटीडीएसयुटिल (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनच्या खात्यांची नोंद) असं विंडोजच्या घरातलंच सामान वापरत असेल, तर अँटिव्हायरसला त्यात खटकण्यासारखं काही सापडत नाही. म्हणून ४६८८ (नवी प्रोसेस सुरू झाल्याची विंडोजची लॉग नोंद) चालू केलं आणि यातलं कुठलंही नाव दिसलं की अलर्ट, असे रूल लिहिले. आता दिवसभर अलर्टच अलर्ट, आणि ते जवळजवळ सगळे सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंटचे नाहीतर बॅकअपचे. त्यात बऱ्याच नोंदींत कमांड लाईनचा, म्हणजे नेमकी काय कमांड दिली त्याचा, रकाना कोराच असतो.

नेमके कुठले लॉग घ्यायचे, रूल कसे लिहायचे आणि किती दिवस साठवायचे?

रात्रपाळी

कोऱ्या रकान्यापासून सुरुवात करू, कारण कमांड लाईनशिवाय ४६८८चा उपयोग निम्म्याहून कमी. इथे दोन वेगळी सेटिंग आहेत. ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीत डिटेल्ड ट्रॅकिंगखालचं 'ऑडिट प्रोसेस क्रिएशन' चालू केलं की ४६८८ येऊ लागतं. कमांड लाईन मात्र ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम, ऑडिट प्रोसेस क्रिएशन इथलं 'इन्क्लूड कमांड लाईन' चालू केल्यावरच येते. काही मशीनवर ४६८८च येत नसेल, तर जुन्या पद्धतीची ऑडिट पॉलिसी नवीच्या आड येत असेल. त्यासाठी सिक्युरिटी ऑप्शन्समधलं 'फोर्स ऑडिट पॉलिसी सबकॅटेगरी सेटिंग्ज' चालू ठेवा. खरी स्थिती त्या मशीनवर ऑडिटपोल ही कमांड चालवूनच कळते, जीपीओच्या (डोमेनभर सेटिंग लावणाऱ्या ग्रुप पॉलिसीच्या) रिपोर्टवर विसंबू नका.

लॉगचा आकारही वाढवा. वर्कस्टेशनवर सिक्युरिटी लॉग डिफॉल्टला २० एमबी असतो. ४६८८ चालू झाल्यावर कामाच्या मशीनवर तो पटापट भरतो आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. मशीनवरून लॉग पाठवणारा वाझूचा एजंट थोडा वेळ बंद पडला तर मधला काळ कायमचा गेला. १ जीबी ठेवायला हरकत नाही. आणि कुणी कमांडमध्येच पासवर्ड टाइप केला तर तो जशाच्या तसा लॉगमध्ये येतो, तेव्हा हे लॉग कोण वाचू शकतं तेही आवळा.

पॉवरशेलसाठी स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग, म्हणजे ४१०४, हवंच. ४६८८मध्ये एन्कोड केलेली लांबलचक ओळ दिसते. ४१०४मध्ये प्रत्यक्ष चाललेला कोड उलगडून येतो. याला चुकवायला हल्लेखोर पॉवरशेल २.० चालवतात, कारण त्या आवृत्तीत हे लॉगिंगच नाही. जुन्या 'विंडोज पॉवरशेल' लॉगमध्ये इव्हेंट ४०० येतो, त्यात इंजिन व्हर्जन २.० दिसलं की थेट अलर्ट. ते फीचर जिथे अजून आहे तिथून काढूनच टाका.

शक्य असेल तर सिसमॉन (मायक्रोसॉफ्टचं जास्त तपशिलात लॉग करणारं टूल) बसवा. सर्टयुटिलची कॉपी करून दुसऱ्या नावाने चालवली की ४६८८मध्ये ते नवं नावच दिसतं. सिसमॉनच्या इव्हेंट १ मध्ये 'ओरिजिनल फाइलनेम' हा रकाना असतो, तिथे खरं नाव सापडतं. फाइलचं नाव एक आणि मूळ नाव दुसरं, हा रूल फार कमी आवाज करतो आणि फार कामाचा आहे.

वाझूचा एजंट सिसमॉन आणि पॉवरशेलचे चॅनेल आपोआप घेत नाही. ते एजंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये लोकलफाइल म्हणून जोडावे लागतात.

वडीलप्रक्रिया

रूलबद्दल. टूलचं नाव हा अलर्ट होऊच शकत नाही, ती टूल्स रोज चालायलाच आहेत. टूल कुणी चालवलं, कुठल्या खात्यावरून, कुठल्या मशीनवर आणि कशाच्या पोटातून (म्हणजे कुठल्या पेरेंट प्रोसेसने ते सुरू केलं), हे एकत्र बघायचं.

व्होल्ट टायफून या चीनशी जोडल्या जाणाऱ्या हल्लेखोर गटाचं उदाहरण घ्या. मे २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि अमेरिकेसह पाच देशांच्या सायबर संस्थांनी त्या गटाच्या कमांडच जाहीर केल्या. त्यातली एक डब्ल्यूएमआयसीच्या 'प्रोसेस कॉल क्रिएट'मधून एनटीडीएसयुटिल चालवते आणि 'आयएफएम' (इन्स्टॉल फ्रॉम मीडिया), 'क्रिएट फुल' देऊन ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा अख्खा डेटाबेस विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये उतरवते. म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) बाहेर. लॉगमध्ये हे असं दिसतं: डोमेन कंट्रोलरवर एनटीडीएसयुटिलचं ४६८८, पेरेंट म्हणून डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई (डब्ल्यूएमआयची प्रोसेस), आणि त्याच सुमारास ॲप्लिकेशन लॉगमध्ये ईएसईएनटीचे (विंडोजच्या डेटाबेस इंजिनचे) इव्हेंट २१६, ३२५, ३२६, ३२७. यातला ३२५ म्हणजे नवा डेटाबेस तयार झाला. त्यात एनटीडीएसच्या डिट फाइलचा (हाच तो डेटाबेस) मार्ग नेहमीच्या फोल्डरबाहेरचा असेल तर रात्री २ वाजता फोन वाजला तरी चालेल. आयएफएमचं रास्त काम म्हणजे नवा डोमेन कंट्रोलर उभारणं. ते वर्षातून क्वचित होतं आणि आधी ठरलेलं असतं.

असेच कमी आवाजाचे आणखी काही:

- नेटएसएचमध्ये 'पोर्टप्रॉक्सी ॲड', म्हणजे एका पोर्टवरचं कनेक्शन दुसरीकडे वळवणं. शिवाय सर्व्हिसेसखालच्या पोर्टप्रॉक्सी रजिस्ट्री कीमधला बदल, सिसमॉन इव्हेंट १३.
- वर्ड, एक्सेल किंवा आउटलुकच्या पोटातून सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट), पॉवरशेल, एमएसएचटीए (स्क्रिप्ट चालवणारं आणखी एक टूल).
- ७०४५, म्हणजे नवी सर्व्हिस, आणि तिच्या मार्गात सीएमडी किंवा पॉवरशेल.
- ११०२, सिक्युरिटी लॉग पुसला. बाकीचे लॉग पुसले तर सिस्टम लॉगमध्ये १०४.

सर्टयुटिल, रनडीएलएल३२, साधं पॉवरशेल यांना अलर्ट लावू नका. दोन-तीन आठवड्यांचा डेटा घेऊन पेरेंट, चाइल्ड आणि खातं अशी जोडी किती मशीनवर दिसते ते मोजा. २८० मशीनवर दिसणारी जोडी बहुधा तुमच्याच डिप्लॉयमेंटची. एकाच मशीनवर, अकाउंट्समधल्या कुणाच्या खात्यावरून दिसणारी आधी उघडा.

नोंदवही

डिप्लॉयमेंटचं पेरेंट सीसीएमएक्झेक (मायक्रोसॉफ्टच्या डिप्लॉयमेंट सॉफ्टवेअरचा एजंट) आहे. त्याच्या पोटातलं सगळं सरसकट वगळलं तर चालेल का?

वडीलप्रक्रिया

नको. डिप्लॉयमेंट सर्व्हर हातात आला की हल्लेखोर नेमका त्याच वाटेने सगळ्या मशीनवर पोचतो. पेरेंटचा पूर्ण मार्ग, खातं आणि कमांड लाईनमधला स्क्रिप्टचा ठरलेला फोल्डर, तिन्ही जुळलं तरच वगळा. आणि वगळायचं ते फक्त अलर्टमधून, साठवणीतून नाही.

कॅरेट

वरच्या दोघांशी सहमत, थोडी भर.

सीएमडीमध्ये नावात मध्ये मध्ये कॅरेट (^) घालून रूल चुकवतात. सीएमडी ते कॅरेट स्वतः गाळतं, त्यामुळे सीएमडीच्या नोंदीत कॅरेट दिसतात पण चाइल्डच्या नोंदीत ओळ स्वच्छ असते. म्हणून रूल चाइल्डच्या कमांड लाईनवर लिहा. सर्टयुटिलला डॅशऐवजी स्लॅशही चालतो, तेव्हा 'डॅश युआरएलकॅश' न शोधता नुसतं 'युआरएलकॅश' (फाइल डाउनलोड करायला वापरला जाणारा पर्याय) शोधा.

४६८८मध्ये प्रोसेस आयडी हेक्साडेसिमल असतो, सिसमॉनमध्ये दशमान. रूपांतर न करता जोडायला गेलात तर काहीच जुळत नाही. लॉगॉन आयडी ४६२४शी (लॉगिनच्या नोंदीशी) जोडला की सेशन कुठल्या आयपीवरून आलं तेही कळतं.

साठवणीबद्दल: सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. वाझू डिफॉल्टला फक्त अलर्ट साठवतो. रूलला न जुळलेला इव्हेंट जातो, आणि मग वर सांगितलेली मोजणी करायला डेटाच नसतो. 'लॉगऑल जेसन' (सगळे इव्हेंट साठवायचं सेटिंग) चालू करा आणि डिस्कचा हिशेब आधी करा. माझ्या मते डोमेन कंट्रोलरचे लॉग १८० दिवसांहून जास्त ठेवावेत. अमेरिकी संस्थांच्या फेब्रुवारी २०२४च्या सूचनेत व्होल्ट टायफून काही ठिकाणी किमान पाच वर्षं आत होता असं म्हटलंय.

रूल लिहून झाल्यावर चाचणी मशीनवर पोर्टप्रॉक्सीचा एक नियम घाला, अलर्ट किती वेळात येतो ते बघा आणि नियम काढून टाका. एखाद्या मशीनकडून तासभर एकही ४६८८ आलं नाही, तर त्याचाही अलर्ट लावा. रात्री बंद होणारी मशीन त्यातून वगळा, डोमेन कंट्रोलर कधीच नाही.