मास्टर सिलिंडर: किट टाकू की नवाच बसवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचा सहा चाकी छोटा ट्रक आहे, हायड्रॉलिक ब्रेकचा, बूस्टरवाला. बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटाने साखळी, म्हापसा अशी फेरी असते. सध्या गाडी दारात उभी आहे. या ब्रेकवर घाट उतरायची माझी तरी छाती नाही.

पाय दाबून धरला की पेडल सावकाश खाली जात राहतं. भराभर पंप केलं की वर येतं, कडक लागतं. चारही ड्रम उघडून पाहिले, व्हील सिलिंडर कोरडे, पाइप कोरडे, टाकीतलं ऑइलही कमी होत नाही. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) आतल्या रबरावरून प्रेशर मागे फिरतंय.

मेस्त्री म्हणतो, "किट घाल, चलता." किट म्हणजे आतल्या रबरांचा नवा संच. पण त्यानेच पिस्टन काढून दाखवला तेव्हा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) गंजाचे ठिपके होते आणि एक ओरखडा तर नखाला अडकतो. ब्रेक ऑइल ओलावा ओढतं, त्यात आपला पावसाळा! अशा बोअरला होनिंग करून (आतून घासून गुळगुळीत करून) नवं रबर किती टिकणार?

कोणी होनिंग करून घाटात गाडी चालवली आहे का? नवा घ्यायचा तर म्हापसा-फोंड्यात ओरिजिनल खात्रीने कुठे मिळेल, की बेळगावलाच पाहू? आणि बसवण्याआधी बाकावरच त्यातली हवा काढून घेता की गाडीवर लावूनच? ढाकणावर डॉट ३ (ब्रेक ऑइलचा प्रकार) लिहिलंय, तेच घालणार. इंजिन ऑइलचे सल्ले कृपया नकोत, रबर फुगतं.