राखेच्या बुधवारची राख पांढुरकी का होते, कपाळ का चुरचुरतं?

जांबोटीरोड
10 फेब्रुवारी 2027 ला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढतात. आमच्याकडे (खानापूर तालुका, तीनशेच्या आसपास माणसं, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठी आणि कोंकणीत) गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित करून घरी नेलेल्या झावळ्या जमवून राख आम्हीच करतो. अडचणी दोन. राख पांढुरकी होते, क्रूस दिसतच नाही. आणि आदल्या रात्री पाण्यात कालवून ठेवली की दोघातिघांचं कपाळ चुरचुरतं, लाल होतं. झाडावर फवारणी झाली असेल असं लोक म्हणतात. खरंच तसं असतं का? आणि तीनशे जणांना झावळ्या किती लागतात?

रसायन_मास्तर
फवारणीला कशाला दोष देता, दोष पाण्याचा आहे. पूर्वी राखेनं भांडी घासायचे, तेलकटपणा निघायचा, तो त्यातल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे. ते पाण्यात विरघळलं की सरळ क्षार होतो. शिवाय जाळ फार झाला तर राखेतल्या कॅल्शियमची कळी बनते, म्हणजे पानात खायच्या चुन्याची आई. तीवर पाणी पडलं की चुना. रात्रभर भिजत ठेवलं की क्षार आणखी उतरतो.

तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत. पात पुरती जळून गेली की कार्बन उडून जातो, उरतात ते क्षार: रंग पांढरा, स्वभाव तिखट. अर्धवट जळून कोळसा झाली तर रंग काळा आणि कातडीला त्रास कमी. म्हणजे तुम्हाला राख नकोच आहे, कोळशाची पूड हवी आहे.

तपासायचं असेल तर कागदाला ओली हळद फासून वाळवा, त्यावर चिमूटभर राख आणि थेंबभर पाणी. कुंकवासारखा लाल डाग पडला तर ती राख कपाळाला लावू नका. कुणाला चुरचुरलंच तर भरपूर पाण्यानं धुवा; क्षार मारायला म्हणून लिंबू चोळू नका.

सॅक्रिस्टीवाले
वर लिहिलंय ते अगदी बरोबर. आता करायचं कसं ते.

झावळ्या जमवायची पेटी आदल्या रविवारी नको, निदान तीन आठवडे आधी चर्चच्या दाराशी ठेवा. आपल्याकडच्या पावसात घरात तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या झावळ्यांना बुरशी धरते, त्यांना ऊन दाखवावं लागतं. ओलसर पात नुसती धुमसते, डांबरासारखा चिकटा धरते आणि मग पूड होत नाही. झावळीचे क्रूस विणून रिबिनी, जरी, स्टेपलच्या पिना लावलेल्या असतात, ते सगळं सोडवा. नारळाची झावळी असेल तर हीर काढून टाका. तो नीट जळत नाही, कुटला तरी कुसळं राहतात आणि अंगठ्याखाली कपाळावर ओरखडा उठतो.

पात बोटभर लांबीची कातरा, लोखंडी घमेल्यात थोडी थोडी पेटवा. रॉकेल अजिबात नको. ज्योत बसून पात काळी झाली, कडा पांढऱ्या व्हायला लागल्या की लगेच वर झाकण दाबा. सगळा खेळ इथंच आहे! पुरतं गार झाल्याशिवाय उघडू नका, हवा लागली की निखारा परत फुलतो. मग खलबत्त्यात कुटून मलमलीतून चाळा. चहाच्या गाळणीतून भरड पडते.

चाळलेली पूड चहाचा एक चमचा शंभर जणांना पुरते. तुम्हाला चार चमचे धरा. त्याला हीर काढलेली सुकी पात शंभर ग्रॅम खूप झाली. पोतंभर जाळायची काही गरज नसते. उरलेल्या झावळ्या जाळून झाडाखाली पुरा, कचऱ्यात नको.

जांबोटीरोड
हळदीचा कागद करून बघतो. पण पाणी नको तर धरायची कशी? कोरडी पूड नाकावर, डोळ्यात पडते. आणि फादर आशीर्वादाच्या वेळी पवित्र पाणी शिंपडतात, त्याचं काय?

सॅक्रिस्टीवाले
तेल. चमच्याला तीन-चार थेंब, बोटानं मळून. चिमटीत धरली तर एकत्र राहावी, सोडली तर भुगा व्हावा, इतपतच. जास्त झालं की क्रूस ओघळतो. खोबरेल घेऊ नका: फेब्रुवारीत सकाळच्या मिस्साला आपल्याकडे ते बाटलीत थिजलेलं असतं, पुडीत गोळ्या होतात. तीळतेल किंवा ऑलिव्ह तेल बरं.

शिंपडणं विधीतच आहे, ते टाळायचं नाही. वाटी उथळ घ्या, दोन थेंब पडले तर बिघडत नाही, कारण राख लगेच वाटली जाते. वाटीत तळं मात्र होऊ देऊ नका. दुसऱ्या मिस्साची राख वेगळ्या वाटीत कोरडी ठेवा.

टाळूवर
कपाळच हवं असंही नाही. मिस्साग्रंथात राख डोक्यावर ठेवावी एवढंच आहे. रोममध्ये टाळूवर कोरडी चिमूट सोडतात. जानेवारी 2021 मध्ये व्हॅटिकनच्या उपासना विभागानं कोविडच्या साथीसाठी हीच पद्धत सांगितली आणि "माती आहेस, मातीस मिळशील" किंवा "पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा" हे वाक्य प्रत्येकाला वेगळं न म्हणता सगळ्यांना एकदाच म्हणायला लावलं. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना टाळूवर द्या. टिकली असेल तर क्रूस तिच्या वर काढा, पुसायला सांगू नका.

आशीर्वाद फादर किंवा डीकननंच (फादरच्या खालोखालचा दीक्षित सेवक) द्यायचा, लावायला मात्र सामान्य भाविक मदत करू शकतात. तीनशे जणांना दोन रांगा कराच. आणि राख लावून झाल्यावर, विश्वासू लोकांच्या प्रार्थनेआधी (सगळ्यांच्या वतीनं करायच्या विनंत्या) हात धुवायला साबण, पाणी आणि टॉवेल वेदीजवळ आधीच ठेवा. तेलकट काळा अंगठा नुसत्या पाण्यानं निघत नाही, वेदीवरच्या पांढऱ्या कापडाला डाग पडतो.