साइज तपासायला खऱ्या फाइली कशाला शोधायच्या?

गोदाकाठ, नांदेड
आम्ही तपासत होतो त्या अपलोडच्या फॉर्मवर अट होती, ‘फाइल ५ एमबीपर्यंत’. ती तपासायला आमचं पोरगं अर्धा तास मोबाइलात लग्नाचे व्हिडिओ धुंडाळत बसलं. अरे, विंडोजवर एका ओळीच्या कमांडचं काम: ‘एफएसयूटिल फाइल क्रिएटन्यू’, पुढं नाव, पुढं बाइटचा आकडा ५२४२८८० (५ × १०२४ × १०२४). झाली बरोबर ५ एमबीची फाइल. दुसरी ५२४२८८१ ची. पहिली जायला पाहिजे, दुसरी अडायला पाहिजे. आमची पहिलीच अडली! कोड उघडला तर कुणीतरी मर्यादा सरळ ५०००००० लिहून ठेवलेली. लग्नाच्या व्हिडिओत हे सापडलं असतं का?

जुना टेस्टर, लातूर
पण ती फाइल आतून नुसती शून्यं. आम्ही असल्याच ५० एमबीवर खेड्यातल्या सेंटरचा अपलोड तपासला, भुर्रकन गेली. स्कॅन केलेले सातबारे पाठवले तर जागीच बसले. मधे कॉम्प्रेशन होतं. शून्यांची फाइल म्हणजे कापूस, ट्रॉलीभर दिसतो अन् जिनिंगला दाबला की एवढीशी गाठ. लिनक्सवर ‘डेव्ह यूरँडम’मधून कसलाही क्रम नसलेले बाइट मिळतात, ते घ्या, ते दाबले जात नाहीत.

गोदाकाठ
मी वेग कुठं मोजायलोय? मर्यादा बघायलोय.

परभणीकर
मी तर लिनक्सच्या ‘ट्रंकेट’ कमांडनं, जी फाइलचा आकार सांगाल तेवढा करते, २० जीबीची केली, डिस्क भरल्यावर सर्व्हर काय करतो ते बघायला. फाइलचा आकार दाखवणारं ‘एलएस’ म्हणतं २० जीबी, डिस्कवरची जागा मोजणारं ‘डीयू’ म्हणतं शून्य. नुसता आकडा, जागा घेतलीच नाही. बनी तो बनी, नहीं तो परभणी! ‘एफ-अलोकेट’ कमांडनं मग जागा खरंच अडवली.

जुना टेस्टर
गोदाकाठ, वेग राहू द्या. शून्यांच्या फाइलला पीडीएफ नाव दिलं म्हणून ती पीडीएफ होत नाही. खरीच्या सुरुवातीला तशी खूण असते. सर्व्हर ती बघत असेल तर साइज मोजायच्या आधीच हाकलतो, आणि तुम्हाला वाटतं मर्यादा चालायली. तुमच्या फाइली अडल्या तेव्हा मेसेज काय आला होता?

परभणीकर
त्याला सोपं आहे. छोटी खरी पीडीएफ घ्या, ‘ट्रंकेट’नं तीच ५२४२८८१ पर्यंत ताणा. शून्यं मागं लागतात, डोकं शाबूत राहतं.

गोदाकाठ
मेसेज... ‘फाइल स्वीकारता येत नाही’. दोन्हींना तोच. ५०००००० चं बदललं, पण त्यानंतर पहिली फाइल परत टाकून बघितलीच नाही. सोमवारी ताणलेली पीडीएफ टाकतो. लग्नाचे व्हिडिओ मात्र बंदच.