डिझेलवरून पेट्रोलवर आलोय: चालवणं आणि मेंटेनन्स, सल्ला पाहिजे

गंगावेसकर
१.३ मल्टीजेटची (डिझेल इंजिन) स्विफ्ट दिली आणि १.२ पेट्रोल स्विफ्ट घेतली (२०२१ चं मॉडेल, मॅन्युअल). रोज गंगावेस ते गोकुळ शिरगाव, महिन्यातनं दोनदा गगनबावड्यावरनं वैभववाडी. अडचणी अशा:
१) क्लच सोडला की बंद पडते, ओव्हरटेकला दमच नाही.
२) अ‍ॅव्हरेज फारच कमी वाटतंय.
३) सर्व्हिसिंगला नक्की काय बघायचं? मल्टीजेटसाठी आणलेला ५डब्ल्यू-३० इंजिन ऑइलचा सीलबंद डबा घरात आहे, तो चालेल का?

दुसरा_गिअर
दम आहे भावा, फक्त वरच्या मजल्यावर आहे. मल्टीजेट १९० एनएम टॉर्क (ओढायची ताकद) २,००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) द्यायचं. हे इंजिन ११३ एनएम देतं, तेही ४,४०० ला. तुमच्या कानाला १,८०० ला वरचा गिअर टाकायची सवय लागलीय, आणि तिथं पेट्रोल इंजिन नुकतं कुठं जागं होतं. सपाट रस्त्याला २,२०० ते २,५०० ला गिअर बदला, चढाला ३,००० च्या पुढं. आवाज येतो म्हणून घाबरू नका. कमी आरपीएमला वरच्या गिअरवर घरघर करत रेटणं इंजिनला जास्त वाईट.

उचलताना: मल्टीजेट अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लचवरच सरकायची. हिला आधी १,२००–१,५०० पर्यंत रेस, मग क्लच. गाडी हलली की पाय पूर्ण काढायचा. चढावर गर्दीत गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. डिझेलवरनं आलेल्यांची पहिली क्लच प्लेट यातच जळते.

ओव्हरटेक: हंगामात कळे–साळवण पट्ट्यात पुढं उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ठरलेलाच. त्याच्या मागं ताशी २५ ला असाल तर तिसरा टाकायचाच नाही. दुसऱ्यात १,८०० च्या आसपास काटा असतो. रस्ता मोकळा दिसला की पाय पूर्ण दाबा आणि ५,००० पर्यंत ओढा. ताशी ७० च्या आसपास पोचता, मग तिसरा. मल्टीजेटसारखं तिसऱ्यात दाबून टर्बोची वाट बघत बसलात तर ट्रॉलीच्या बरोबरीत अडकाल. आणि दुसरी ट्रॉली विसरू नका, ती वळणावर आत कापते.

करूळ घाट उतरताना दुसरा किंवा तिसरा, ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं. काटा ३,५००–४,००० वर गेला तरी चालतो. पाय काढलेला असला की इंजेक्टर बंद होतात, थेंबभरही पेट्रोल जात नाही. न्यूट्रलला मात्र आयडलिंगसाठी जातं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

उद्यमनगर_पाना
मेंटेनन्सचं मी सांगतो.

तो डबा विका. हे इंजिन पातळ ऑइलवर बेतलेलं आहे, ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२०. नेमका ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा. जाड ऑइलनं अ‍ॅव्हरेज जातंच. डब्यामागच्या एपीआयच्या (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) खुणेत ‘एस’ने सुरू होणारं (एसएन, एसपी) ते पेट्रोलचं, ‘सी’ने सुरू होणारं डिझेलचं. नुसतं ‘सी’ असलेलं घालू नका. त्यात राख आणि फॉस्फरस जास्त असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) खराब होतो. गॅरेजवाला पिंपातनं ओतत असेल तर डबा आपला न्यावा. १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल ते. मल्टीजेटचं ऑइल दोन दिवसांत काळं व्हायचं, हिचं बराच काळ मधाच्या रंगाचं राहतं. म्हणून बदलायचं पुढं ढकलू नका.

स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारा) हे तुम्हाला नवीन प्रकरण. साधे निकेलचे ३०–४० हजारांना बदला, इरिडियम बरेच जास्त चालतात. इंजिन पूर्ण गार असतानाच काढा, तापलेल्या अ‍ॅल्युमिनियम हेडची आटी जाते. कॉइल (प्लगला वीज देणारी) काढल्यावर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, हवा मारा, नाहीतर धूळ सरळ सिलिंडरात. नवा प्लग आधी बोटांनीच फिरवत बसवा, मग वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्धा ते पाऊण फेरा. जास्त आवळलात की पुढच्या वेळी रडाल. जुन्याचं टोक बघून ठेवा: तांबूस-करडं ठीक, कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलाय, ओलं तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेनं कमीजास्त करणारा भाग) ३०–४० हजारांना क्लीनरनं पुसून घ्या. आयडलिंग वरखाली होणं, सिग्नलला बंद पडणं, बऱ्याचदा कारण तिथली काजळीच. चावी चालू असताना झडप बोटानं ढकलू नका.

वॉशिंग सेंटरला बॉनेट उघडून प्रेशरनं मारू देऊ नका. पाणी प्लगच्या विहिरीत उतरतं आणि मिसफायर (सिलिंडरातलं पेट्रोल नीट न पेटणं) सुरू होतो.

गंगावेसकर
मिसफायर ओळखायचा कसा? आणि अ‍ॅव्हरेजचं राहिलंच.

उद्यमनगर_पाना
गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. दिवा नुसता पेटला तर गॅरेजपर्यंत सावकाश जा, लुकलुकत असेल तर बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा तुकडा वितळतो. स्कॅनरवर पी०३०१ आला म्हणजे पहिला सिलिंडर. त्याची कॉइल दुसऱ्यावर टाका. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेली, नाहीतर प्लग किंवा इंजेक्टर. नवी कॉइल त्यानंतरच विकत घ्या.

साखरपट्टा
अ‍ॅव्हरेजचं गणित. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिसळल्यावर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६–७ टक्के घट धरा. बाकी तूट डिझेल-पेट्रोलचा मूळ फरक आणि तुमचा पाय. आपल्याच उसाचं आपल्याच टाकीत येतंय, तक्रार कुणाकडं करणार! मोजायचं ते टाकी ते टाकी, पंपाची नळी आपोआप बंद होते त्या पहिल्या कटला थांबून.

गाडी २०२१ ची, म्हणजे ई२० चे रबर पार्ट आवर्जून दिलेले असतीलच असं नाही. सर्व्हिसला फ्युएल होस आणि ओ-रिंग बघायला सांगा, पेट्रोलचा वास आला तर लगेच. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

दुसरा_गिअर
रिझर्व्हवर चालवायची सवयही सोडा. फ्युएल पंप टाकीत बुडून पेट्रोलवरच गार राहतो. पाव टाकीखाली नेऊ नका.

कावळानाका_पंप
झाकणाच्या आत ‘पेट्रोल’चा स्टिकर लावा, कारण तोंडातनं सवयीनं ‘डिझेल’च निघतं. चुकून पडलंच तर चावी फिरवायची नाही, इग्निशन ऑनसुद्धा नाही. तेवढ्यानंच पंप सुरू होऊन डिझेल लाइनमध्ये जातं. ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. चालू केलीत तर धूर, ओले प्लग, आणि मग इंजेक्टरपर्यंत सगळं साफ करायचं काम.

गंगावेसकर
स्टिकर आजच लावतो. डबा कुणाला पाहिजे असेल तर सांगा, सीलबंद आहे.