डिबेट बघून मत ठरलं का कोणाचं?

डिचोलीकर: काल रात्री टीव्हीवर आपल्या गोव्यातल्या उमेदवारांची डिबेट बघितली, म्हटलं आता तरी मत कोणाला ते ठरेल, तर कसलं काय, म्हादई नदीचं पाणी कर्नाटकाकडे वळवण्याचा विषय निघाला आणि तिघंही आम्हीच वाचवणार म्हणून एकदम ओरडायला लागले, चौथा बिचारा बंद माईकवर बोट आपटत बसलेला. मला तोच आवडला. बायको म्हणते, ज्याने स्वतःचा पाण्याचा ग्लास शेजारच्याला दिला त्याला दे. तुमचं काय?

फोंड्याची सून: खाणींचं विचारलं तर एक म्हणे २०१२ ला बंद, दुसरा म्हणे २०१८ ला, त्यावरच दहा मिनिटं भांडण! अहो, दोन्ही वेळा बंद झाल्या. त्या नादात माझं माशाचं हुमण करपलं ते वेगळंच.

पेडण्याचा बाब्या: अरे पण मत देऊन पुढे काय? २०२२ ला काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च, दर्गा सगळीकडे पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घेतल्या, ११ निवडून आले आणि सप्टेंबरात त्यातले ८ भाजपात. निवडून आल्यावर कुठे असणार, एवढंच विचारा की.

डिचोलीकर: विचारलं ना रे! तेवढ्यात ब्रेक.