मदत हवी आहे: माइनक्राफ्ट गेम (जावा आवृत्ती), एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० तरी नव्या भागात झटके

नमस्कार मंडळी. लॅपटॉप आय५, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चार्जर लावूनच खेळतो.

रेंडर डिस्टन्स (किती दूरवरचं जग दिसावं ते) १२ वरून ८ केलं, त्याने सर्वात जास्त फरक पडला. साहजिकच आहे, १२ ला ६२५ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळावे लागतात, ८ ला फक्त २८९. ग्राफिक्स फास्ट, ढग बंद, एफपीएसची मर्यादा ६०, गेमचा वेग वाढवणारा सोडियम मॉडही आहे (त्यामुळे तसाच दुसरा मॉड ऑप्टिफाइन सुचवू नका, दोन्ही एकत्र चालत नाहीत). जावाला २ ऐवजी ४ जीबी मेमरी दिली. त्याहून वाढवत नाही, विंडोजलाच रॅम पुरणार नाही.

अडचण अशी: पाहिलेल्या भागात सगळं सुरळीत. इलिट्राने (गेममधले पंख) नव्या भागात उडालो की दर काही सेकंदांनी अर्धा सेकंद चित्र थिजतं. एफ३ दाबून (गेमची आतली आकडेवारी दिसते) पाहिलं, मेमरी रिकामी होण्याच्या क्षणाशी झटका जुळत नाही. म्हणजे नवे चंक तयार करताना प्रोसेसर कमी पडतोय, असं माझं मत.

सिम्युलेशन डिस्टन्स (किती दूरपर्यंतच्या हालचाली गेम चालू ठेवतो ते) ५ वर आणल्याने प्राणी आणि रेडस्टोनचा (गेममधली यंत्रं) भार घटेल, पण चंक बनवण्याचा घटेल का? चंकी मॉडने २००० ब्लॉक त्रिज्येचा नकाशा आधीच तयार करून ठेवला तर डिस्कवर साधारण किती जागा जाते? आणि ८ जीबीची दुसरी पट्टी घेतली तर ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जाणं) एफपीएस वाढतील हे पटतं, पण हे झटके थांबतील का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर आकड्यांसकट सांगा, प्लीज.