मदत हवी आहे: माळकरी वडिलांना स्कॉटलंडमधली छोटी जिन डिस्टिलरी दाखवायचीय

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा, आणि कुणी अशा ठिकाणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा.

आम्ही लातूरकडचे. माझे वडील, आण्णा, वय ७१, इकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ३१ वर्षं ऑपरेटर होते. साखर काढून उरलेली मळी आंबवायची, तो आंबलेला रस म्हणजे वॉश, तो कॉलमला म्हणजे उकळायच्या उंच नळकांड्याला सोडायचा, स्पिरिट काढायचं, तिन्ही पाळ्या केल्या. गळ्यात तुळशीची माळ, आणि आयुष्यात थेंबभर घेतली नाही. ड्यूटीवरून आले की कपड्याला मळीचा असा आंबूस वास यायचा की आई युनिफॉर्म वेगळ्या बादलीत भिजवायची.

सप्टेंबरमध्ये आई-आण्णांना घेऊन ॲबर्डीनला ताईकडं चाललोय. तिच्या घरापासून तासाभरावर नवरा-बायको आणि मुलगा मिळून चालवतात अशी जिनची डिस्टिलरी आहे, तांब्याचं स्टिल, म्हणजे उकळायचं भांडं, जेमतेम ३०० लिटरचं. ताईनं फोटो पाठवला तर आण्णांनी मोबाईल डोळ्यापाशी नेला आणि पहिलाच प्रश्न, "ह्याचा कंडेन्सर कुठाय?" म्हणजे वाफ थंड होऊन परत पातळ होते तो भाग. तेव्हाच ठरवलं, न्यायचंच.

आत्याला पटलेलं नाही. म्हातारपणी माळकरी माणसाला दारूच्या कारखान्यात कशाला नेता म्हणते. पण त्याच कारखान्याच्या पगारावर आम्ही तिघं भावंडं शिकलो, आणि आण्णांना त्यात काम केल्याची लाज कधी वाटली नाही, मलाही वाटत नाही. मला फक्त एवढंच हवंय की तिथं शेवटी सगळ्यांना ग्लास देतात तेव्हा आण्णांना बाजूला उभं राहावं लागू नये.

तर विचारायचं हे, की टेस्टिंग न घेता नुसतं बघायचं तिकीट असतं का? आधी मेल करून सांगितलेलं बरं की तिथं गेल्यावर? ताई सोबत मराठीत सांगत राहील, आठदहा जणांच्या ग्रुपमध्ये बाकीच्यांना त्रास होईल का? आणि छोट्या ठिकाणी स्टिल रोज चालू नसतं असं वाचलं, मग कोणता वार धरावा? थंड पडलेलं भांडं बघायला एवढ्या लांब नेऊन उपयोग नाही. दाजी टेस्टिंग घेणार नाहीत, गाडी त्यांच्याकडं आहे आणि गाडी चालवणाऱ्यासाठी दारूची स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल.

अपडेट: ताईनं मेल केला होता, उत्तर आलं. आण्णांना ग्लासऐवजी जिनमध्ये घालतात ते सगळे जिन्नस हातात देतील, वास घेऊन बघायला. आणि मंगळवारी या म्हणाले, त्या दिवशी स्टिल चालू असतं. फोन मात्र स्टिलच्या खोलीबाहेर ठेवायचा, अल्कोहोलची वाफ पेट घेते म्हणून. हे आण्णांना समजावून सांगावं लागलं नाही, आमच्याकडं काडेपेटी गेटवरच काढून घ्यायचे.

मग मी त्यांना जिन्नस वाचून दाखवले. जुनिपरची फळं मुख्य, सोबत अँजेलिकाची मुळं, लिंबाची साल, ज्येष्ठमध, आणि धने. धने ऐकल्यावर उठून स्वयंपाकघरात गेले, डब्यातले चिमूटभर धने तळहातावर चुरडले, बराच वेळ हुंगत बसले. म्हणाले, "हा वास वाफेबरोबर वर जात असंल." तसंच आहे, जिनला सुगंध असाच येतो.

पण आता नवीनच अडचण. त्यांनी विचारलं, तिकडं ऊस नाही मग मळी कुठनं आणतात? मी सांगितलं की बऱ्याच छोट्या जिनवाल्यांकडं आंबवणं नसतंच, धान्यापासून केलेलं ९६ टक्क्यांचं तयार स्पिरिट विकत आणतात, त्यात पाणी आणि जिन्नस घालून परत उकळतात. आण्णा गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे फर्मेंटर नाही?" त्यांचा जीव सगळा फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत. रात्रपाळीला फेस किती चढला ते बघायला दर तासाला उठून जायचे.

म्हणून शेवटचा प्रश्न. ॲबर्डीनच्या दक्षिणेला अँगस भागात आर्बिकी म्हणून डिस्टिलरी आहे, स्टर्लिंग कुटुंबाच्या शेतावर, ते स्वतःच्या शेतातला माल स्वतः आंबवतात, वाटाण्याची पण जिन करतात. तिथं कुणी गेलंय का? आंबवायच्या टाक्या जवळून बघू देतात का, का काचेतनंच? वर जायला जिने किती आहेत? आण्णांचा उजवा गुडघा दुखतो, पण टाकीत डोकावायला मिळणार असेल तर ते चढतीलच, म्हणून आधी माहीत असलेलं बरं.